पांढऱ्या टोप्या, निळ्या टोप्या

आमच्या गल्लीत तिला टोपीबाई म्हणतात. तिने स्वतः टोपी घातलेली मात्र मी कधी पाहिली नाही. रणरणत्या उन्हातसुद्धा ती डोक्यावर हातरुमाल धरून चालते, आणि तोही बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचा तरी असतो. हे नाव तिला इस्पितळाच्या धुलाईघरातल्या बायकांनी दिलं. तिथून ते तिच्या कॉलेजात गेलं, कॉलेजातून गल्लीत आलं, आणि आता परदेशातल्या विद्वानांपर्यंत पोचलं आहे. ते तिथवर कसं गेलं, ते सांगते.

ती समाजमानसशास्त्राची प्राध्यापक. काल ‘आपण’ म्हणणारी माणसं आज ‘आम्ही’ आणि ‘ते’ कशी म्हणायला लागतात, हा तिचा जन्मभराचा विषय.

शाळेत ती माझी विद्यार्थिनी होती. अभ्यासात बरी, खेळात यथातथा. मधल्या सुट्टीत मात्र तिचं निराळंच काम चालायचं. डबा उघडून मांडीवर ठेवायची आणि खायचं विसरायची. एकदा मी म्हटलं, “अगं, घंटा होईल आता. घास तरी घे.”

“थांबा ना बाई,” ती म्हणाली. “त्या दोघी काल चिकटून बसल्या होत्या. आज मध्ये दप्तर ठेवलंय.”

“भांडल्या असतील.”

“भांडल्या नाहीत. एकीला गाण्याच्या चमूत घेतलं, दुसरीला नाही. दप्तर गाणारीने ठेवलंय.”

मी त्यांची वर्गशिक्षिका, आणि मला याचा पत्ता नव्हता.

तिची आई शिवणकाम करायची. वडील लवकर गेले, त्यामुळे घर म्हणजे शिवणयंत्र आणि त्याच्याभोवती उरलेली जागा. त्या जागेत बसून ती शिकली, कॉलेजात नोकरीला लागली आणि प्रबंधासाठी विषय शोधू लागली. त्याच सुमारास नदीपलीकडच्या इस्पितळाचं धुलाईघर बंद झालं आणि तिथल्या बायकांना इकडच्या धुलाईघरात आणलं गेलं. दोन ठिकाणच्या बायका, एक छप्पर. तिला विषय आयताच मिळाला. या बायका एकमेकींत मिसळतात की नाही, हे ती बघणार होती.

ते धुलाईघर मी पाहिलं आहे. एका टोकाला पिंपाएवढी धुण्याची यंत्रं, पुढे पिळायची, मग वाळवणाची खोली, आणि दुसऱ्या टोकाला इस्त्रीची लांबलचक टेबलं. मधे नुसती वाफ. इस्पितळाच्या चादरी मोठ्या, त्यामुळे घडी घालायला दोघी लागतात. दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या. ताणायचं, झटकायचं, आणि एकमेकींकडे चालत यायचं. दिवसभर त्या बायका अशा जवळ येतात आणि पुन्हा लांब जातात. टोपीबाईला, म्हणजे तेव्हा ती टोपीबाई व्हायची होती, निरीक्षणासाठी वरची काचेची खोली दिली होती.

पहिल्याच आठवड्यात घोडं अडलं. सगळ्यांचे एप्रन पांढरे, डोक्याची फडकी पांढरी, त्यात ती वाफ. वरून पाहिलं तर इथली कोण आणि पलीकडची कोण, काही कळेना. तिने तो आठवडा बाद केला आणि घरी येऊन म्हणाली, “आई, टोप्या शिवायच्यात. इथल्यांना पांढऱ्या, पलीकडच्यांना निळ्या.”

“सगळ्या पांढऱ्याच शिवू की,” आई म्हणाली. “एका ताग्यात बसतील. कापड वाचेल.”

“मग मला ओळखू कशा येणार?”

“तुझी मर्जी. निळं कापड रंग सोडतं, एवढं सांगून ठेवते.”

टोप्या गेल्या. बायकांना आवडल्याही, कारण केसांना वाफ लागायची नाही. आता वरून सगळं स्वच्छ दिसायला लागलं, आणि जे दिसलं ते चमत्कारिक होतं. पांढरी टोपी पांढरीबरोबर घडी घालू लागली, निळी निळीबरोबर. जेवायची टेबलं वेगळी झाली. निळ्या म्हणत, पांढऱ्यांच्या घड्या वाकड्या. पांढऱ्या म्हणत, निळ्या नुसत्या पिळतात आणि चादरी विरवतात. तिने हे सगळं टिपलं आणि निष्कर्ष काढला: दोन गट अचानक एकत्र आणले की जुनी ओळख विरघळत नाही, उलट घट्ट होते. म्हणून आधी त्यांना थोडं वेगळं ठेवावं, स्थिरावू द्यावं, मग हळूहळू मिसळावं. या मधल्या काळाला तिने ‘मुरायचा काळ’ असं नाव दिलं.

ते नाव फार चाललं. प्रबंध छापला गेला, भाषांतरित झाला, परदेशच्या पाठ्यपुस्तकांत गेला. कुठे दोन कचेऱ्या एक झाल्या की वरिष्ठ मंडळी तिचा हवाला देऊन मधे पार्टिशन घालत. तिच्या विद्यार्थिनींनी त्याच पायावर आपापले प्रबंध उभे केले. कॉलेजातले सहकारी चिडवत, “अख्ख्या धुलाईघराला टोपी घालून डॉक्टर झाली.” तीही हसायची. तेव्हा त्यात हसण्यासारखंच होतं.

वर्षं गेली. मी आमच्या शाळेची मुख्याध्यापिका झाले. आमची शाळा चढावर, म्हणून तिला वरची शाळा म्हणत. उताराच्या पायथ्याला खालची शाळा. एका वर्षी खालच्या शाळेचं छप्पर खचलं आणि तिथली सगळी मुलं आमच्याकडे आली. कायमची व्यवस्था ठरेपर्यंत दोन मुलांच्या बाकावर तीन-तीन बसत होती.

व्यवस्था ठरवणार होती शाळा समिती, आणि समितीचे अध्यक्ष निवृत्त इंजिनियर होते. सज्जन आणि टापटिपीचे गृहस्थ. पेन्सिलीलाही टोपण लावून ठेवायचे. त्यांनी योजना आखली: खालच्या मुलांची शाळा दुपारी, येण्याजाण्याचं दार वेगळं, मधली सुट्टी वेगळी. काही वर्षांनी एकत्र करायचं.

“माझ्या मनचं नाही हे,” ते मला म्हणाले. “शास्त्र आहे. मुरायचा काळ. आणि शोधलंय कुणी, तर तुमच्याच विद्यार्थिनीने. तिलाच बोलावलंय सभेला.”

मला योजना पटत नव्हती, पण शास्त्रापुढे काय बोलणार? शिवाय मनातून अभिमानही वाटत होता, हे नाकारत नाही.

सभेच्या आधी ती शाळा बघायला आली. मधली सुट्टी चालू होती. आम्ही दोघी व्हरांड्यात उभ्या राहिलो. खाली मैदानात धुळीचा लोट आणि त्यात मुलं.

“यातली खालची कोणती?” तिने विचारलं.

“आता कसं सांगू? नवे गणवेश शिवून यायचेत. सध्या जे सापडेल ते घालून येतात.”

ती बराच वेळ बघत राहिली. मग वैतागून म्हणाली, “असं नाही चालायचं. मला काहीच दिसत नाहीये. बाई, एक करता येईल का? एका शाळेच्या मुलांच्या हाताला फीत बांध—”

आणि ती गप्प झाली.

“कोणत्या रंगाची देऊ?” मी विचारलं. कवायतीच्या फिती कपाटात होत्याच.

तेवढ्यात एक मुलगी चेंडूची तक्रार घेऊन आली. ती मिटवून मी वळले तर टोपीबाई पायरीवर बसली होती, साडी धुळीत लोळत होती.

“बाई, मी तो आठवडा फेकून दिला,” ती म्हणाली.

“कुठला आठवडा?”

“टोप्यांच्या आधीचा. कोण कुठली ते ओळखू येत नव्हतं म्हणून. आणि मी तिथे गेले होते कशाला? त्या मिसळतात का ते बघायला.”

मला उलगडा व्हायला क्षणभर लागला. बायका मिसळल्या होत्या, निदान तिला वेगळ्या काढता येत नव्हत्या. ती अडचण समजून तिने टोप्या वाटल्या, आणि मग टोप्यांनी जे केलं ते बायकांचा स्वभाव म्हणून जगाला सांगितलं.

“तुला खात्री आहे?”

“नाही ना. खात्री असती तर सोपं होतं.”

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. ती खिडकीशी बसली होती आणि आई, आता पंच्याऐंशीच्या घरात, यंत्रावर उशीचा अभ्रा शिवत होती. येत्या हिवाळ्यात तिला परदेशात एका मोठ्या परिषदेत व्याख्यान द्यायचं होतं. ते याच धुलाईघरावर. तिचे मार्गदर्शक, ज्यांना सगळे नुसते ‘सर’ म्हणत, भेटेल त्याला सांगत की आपल्या हाताखाली झालेलं सर्वांत चोख काम हेच.

“मी हे बोलले तर माझ्यापाशी काय उरतं, सांगा,” ती म्हणाली. “दुसरं काय केलंय मी? आणि नाही बोलले तर ती पोरं माझ्या नावाने मागच्या दाराने शाळेत येणार.”

आई दोरा तोडत म्हणाली, “मी तेव्हाच म्हटलं होतं, एका ताग्यात बसतील.”

“आई, तू कापड वाचवायला म्हणाली होतीस.”

“म्हणाले तर होते ना?”

ती हसली, आणि हसता हसता डोळे पुसले. मग म्हणाली, “आधी त्या बायकांना विचारायला हवं. मी पदवी मिळाल्यावर परत कधी गेलेच नाही. याल का बरोबर?”

दुसऱ्या दिवशी आम्ही धुलाईघरातल्या एका जुन्या इस्त्रीवालीकडे गेलो. ताडमाड उंच बाई. दोन खोल्यांचं घर, गॅलरीत वाळत घातलेले कपडे असे की एकाचीही कड दुसऱ्यापेक्षा खाली नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तिच्याएवढीच उंच दुसरी एक बाई मटार सोलत होती.

“अगोबाई, टोपीबाई,” इस्त्रीवाली म्हणाली. “बसा. या आमच्या विहीणबाई. निळी टोपी.”

“आणि ही पांढरी,” विहीण म्हणाली. “माझी सून हिची मुलगी. तिला पिळायला मी शिकवलं. घरून काहीच शिकून आली नव्हती.”

“घडी घालायला तर शिकून आली होती. तुमच्याकडे कोपऱ्याला कोपरा भेटायचा म्हणजे नवस.”

टोपीबाईने विचारलं, “टोप्या यायच्या आधी तुम्ही घडी कुणाबरोबर घालायचा?”

“हिच्याबरोबरच की,” इस्त्रीवाली म्हणाली. “चादरीला उंचीला उंची लागते. बाकी सगळ्या माझ्या खांद्याला. ही दारातून आत आली तेव्हाच म्हटलं, आली बाई एकदाची माझी जोडीदार.”

“मग सोडलं का?”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तो प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा.

“टोप्या आल्या ना,” विहीण सावकाश म्हणाली. “पांढऱ्यांच्यात मी एकटी निळी उठून दिसायची. आमच्यातल्या म्हणायला लागल्या, तिकडे काय चिकटून असतेस.”

“आणि मला ती बुटकी मिळाली,” इस्त्रीवाली म्हणाली. “चादर एका अंगाला लोंबायची, घडी वाकडी पडायची. त्यावरून या आम्हाला नावं ठेवणार.”

“वाकडीच होती.”

“होतीच वाकडी. पण का होती?”

टोपीबाई हातातला पेला तसाच धरून ऐकत होती. चहा गार झाला होता. “मग तुम्ही परत कधी...?”

“तुम्ही गेलात. टोप्या राहिल्या,” विहीण म्हणाली. “रोज उकळत्या पाण्यात जायच्या त्या चादरींबरोबर. रंग गेला त्यांचा. पुढे पुढे निळी कुठली आणि पांढरी कुठली, आमचा मुकादमही सांगू शकला नसता. एक दिवस ही मला म्हणाली, धर गं ते टोक. धरलं.”

“माझ्यामुळे तुमची इतकी वर्षं—” टोपीबाईने सुरुवात केली.

“छे हो,” इस्त्रीवाली म्हणाली. “आम्हाला भांडायला टोप्याच लागतात असं कुठे आहे? मटाराच्या टरफलांवरून भांडतो. खाल्ल्याशिवाय जायचं नाही मात्र.”

सभा शाळेच्या वाचनालयात भरली. समितीचे सभासद, काही पालक, अध्यक्षांसमोर तिचा छापील लेख. त्यावर त्यांनी पट्टी लावून लाल रेघा मारल्या होत्या. त्यांनी तिची ओळख करून दिली, फार मनापासून. ती उभी राहिली. वर्गात पाठ न येता उभी राहिलेली ती मला आठवली. तेव्हाही ती कधी खोटं बोलली नव्हती.

तिने धुलाईघर सांगितलं, टोप्या सांगितल्या, बाद केलेला आठवडा सांगितला, त्या दोघी उंच बायका सांगितल्या.

“म्हणजे तुमचं संशोधन खोटं?” अध्यक्ष म्हणाले.

“मी पाहिलं ते खरं होतं. पण ते नीट दिसावं म्हणून मी जे केलं, त्यानेच ते घडलं असावं.”

“असावं?”

“दोन बायकांच्या आठवणींवरून मी जास्त बोलू शकत नाही. पुन्हा तपासणार आहे. तोवर माझ्या लेखाच्या जोरावर मुलांसाठी वेगळं दार करू नका, एवढंच सांगायला आले.”

एक पालक म्हणाले, “मग करायचं काय, ते तरी सांगा.”

“ते मला माहीत नाही,” ती म्हणाली. “एक दार, एक घंटा ठेवून बघा. भांडतील. पण कोण कुठलं हे आपण रोज त्यांना दाखवून देऊ नये.”

अध्यक्षांनी लेख उलटा ठेवला, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. “मी पूल बांधलेत,” ते म्हणाले. “गणित चुकलं असं गणित करणाराच सांगत असेल, तर त्या पुलावर गाडी सोडत नाहीत.” आणि वर्षअखेरपर्यंत एक दार ठेवावं, असं ठरलं.

पुढचे दिवस तिला सोपे गेले नाहीत. जे सभेत बोलली ते तिने लिहून छापायला दिलं. सरांनी तिच्याशी बोलणं टाकलं. एका विद्यार्थिनीचा प्रबंध अर्ध्यावर होता. ती येऊन रडून गेली, आणि नंतर तीच नव्या अभ्यासात हाताशी आली. प्रसिद्धीसाठी करते आहे, असंही लोक म्हणाले. जिची आधीच एवढी प्रसिद्धी होती, तिला हे बोलणं म्हणजे कमालच होती.

नव्या अभ्यासात ती एकत्र आलेल्या कारखान्यांत, वाचनालयांत, शाळांत गेली, आणि कुणालाही कसलीही खूण न लावता नुसती बसली. फार वेळ लागायचा. सरळ उत्तर मिळालं नाही. काही ठिकाणी जुने गट खरोखरच टिकून होते. काही ठिकाणी विसरले गेले होते. जिथे एक काम दोघांनी मिळून उचलावं लागे तिथे ते लवकर पुसट होत. जिथे पगाराच्या रांगेपासून जेवणाच्या टेबलापर्यंत रोज आठवण करून दिली जाई तिथे नाही. पण यालाही अपवाद होतेच. ते अपवाद मला सांगताना ती शाळेतल्या त्या दप्तराबद्दल सांगावं तशी सांगायची.

सरांचा फोन वर्षभराने आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. “नव्या अभ्यासात ठिकाणं किती घेतलीस?” त्यांनी विचारलं. तिने सांगितलं. “अजून घे,” ते म्हणाले, आणि मग तासभर बोलत बसले.

जुन्या लेखाचं नाव आता फारसं निघत नाही. सभेनंतर छापलेल्या दुसऱ्या लेखाचं निघतं. तिच्या शास्त्रात आता कुणी गटांचा अभ्यास आखायला घेतला की त्याला आधी विचारतात, यात टोप्या कुणी वाटल्या? ज्यांनी ना ते धुलाईघर पाहिलं ना ती वाफ, तेही हेच विचारतात.

शाळेचं म्हणाल तर मुलं भांडली. पहिल्या महिन्यात ‘वरचे’ आणि ‘खालचे’ असे संघ पडले, खिडकीजवळच्या बाकांवरून रडारड झाली, दोन पालक माझ्या खोलीत आवाज चढवून गेले. मग कुणाच्या तरी डोक्यातून चष्मेवाले विरुद्ध बिनचष्मेवाले असा सामना निघाला, आणि वरच्या-खालच्यांना कुणी विचारेना. वर्षअखेरीला अध्यक्ष आले, व्हरांड्यात उभे राहून मैदानाकडे बघत राहिले. त्यांनी मला काही विचारलं नाही. जाताना फक्त म्हणाले, “दुसरं दार कायमचं बंद करून घ्या. वारा फार येतो त्यातून.”

परदेशातलं ते व्याख्यान तिने दिलंच. परिषदेने विषय बदलू दिला. तिच्या आईने आणि मी ते नंतर माझ्या भाचीच्या फोनवर पाहिलं. मोठं सभागृह, ती मंचावर लहानशी, हातात कुणाचा तरी रुमाल. तिथल्या भाषेत ती काय म्हणते ते भाची आम्हाला सांगत होती.

“पहिल्याच वाक्यात म्हणतेय,” भाची म्हणाली, “‘माझी आई म्हणाली होती, सगळ्या टोप्या एकाच कापडाच्या शिवू. मी ऐकलं नाही.’”

सभागृह हसलं. मग टाळ्या वाजल्या, आणि त्या लवकर थांबेनात.

आई फोनच्या अगदी जवळ सरकली. “माझं नाव घेतलं का तिने?”

“नाव नाही हो. आई म्हणाली.”

“मग झालं,” आई म्हणाली, आणि उरलेलं व्याख्यान तिने शिवणयंत्र बंद ठेवून ऐकलं.